शिबिरात गुरुजींचे हात मागेच बरे



आमच्या शाळेच्या ऑफिसात एक प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं आहे. मागच्या वर्षी स्काऊट मेळाव्यात आमच्या पथकाला तंबू उभारणीत पहिला क्रमांक मिळाला, त्याचं ते. पाहुणे आले की मुख्याध्यापक आवर्जून दाखवतात. मी मात्र त्या भिंतीकडे फार बघत नाही. का, ते आज सांगतो.

मेळावा डिसेंबरमध्ये झाला. पुढच्याच महिन्यात २६ जानेवारी. गाव मैदानावर जमायच्या आत ध्वज बांधून ठेवायचा होता. मी त्या विजेत्या संघाच्या नायकाला हाक मारली आणि म्हटलं, "ध्वजाची दोरी आणि खांबाची दोरी जोडून घे. शीट बेंड मार." त्याने दोन्ही टोकं हातात घेतली. एकदा गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मी बाकीच्या सात जणांना विचारलं. आठांपैकी एकालाही ती गाठ येईना. शेवटी मीच बांधली.

त्यांना येणार तरी कशी? मेळाव्यात त्यांच्या तंबूच्या गाठीही मीच बांधल्या होत्या.

आपण असं का करतो?

त्या दिवशी परीक्षक यायला अर्धा तास उरला होता. दोऱ्या सैल पडल्या होत्या, तंबू एका अंगाला कलला होता. मी म्हटलं, "सरका रे, वेळ नाहीये," आणि भराभर सगळ्या गाठी मारून टाकल्या. पोरं बाजूला उभी राहून स्कार्फ सारखे करत होती. फोटो फार छान आले. ग्रुपवर टाकले, अंगठे आले, अभिनंदन झालं.

मला इथे दुसऱ्या कोणाला दोष द्यायचा नाही. डी.एड. करताना 'कृतीतून शिक्षण' या विषयावर मीही पानभर उत्तर लिहिलेलं आहे. पण प्रत्यक्ष मैदानात उतरलो की आपल्या डोक्यात तीन गोष्टी असतात. पहिली वेळ, म्हणजे कार्यक्रमपत्रिका पुढे सरकली पाहिजे. दुसरी नीटनेटकेपणा, कारण फोटो जाणार, अहवाल जाणार. आणि तिसरी, जी आपण बोलून दाखवत नाही, ती भीती. कुणाला लागलं, कुणी रडलं, तर उद्या पालक दारात उभे राहतील. या तिन्हींमुळे आपले हात आपोआप पुढे जातात. मूल गाठीशी झगडत असतं, आपण म्हणतो "आण इकडे", आणि दोन सेकंदांत ती मारून देतो. आपले दोन सेकंद वाचतात आणि त्याचं शिकणं तिथेच थांबतं.

पालकांच्या बाबतीत घरीही हेच होतं, नाही का? दप्तर आपण भरतो, बुटाची नाडी आपण बांधतो, प्रकल्पवहीतली चित्रं आपण चिकटवतो. आणि मग म्हणतो, "याला स्वतःहून काही करायला नको!"

पद्धत मुळात अशी नव्हती

ज्या पालकांना स्काऊट म्हणजे फक्त गणवेश, स्कार्फ आणि संचलन एवढंच माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावर बेडन पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांचं एक शिबिर घेतलं. त्यात श्रीमंत घरची मुलं होती, तशी कामगारांचीही होती. त्यांनी मुलांचे चार संघ केले, प्रत्येक संघाला मुलांमधलाच एक नायक दिला आणि संघाची जबाबदारी त्या नायकावर टाकली. पुढच्या वर्षी, १९०८ साली, त्यांचं 'स्काऊटिंग फॉर बॉईज' हे पुस्तक आलं आणि चळवळ पसरली. आपल्याकडे वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स ही संस्था झाली. पुढच्या वर्षी गाईड्सही त्यात आल्या आणि आजची भारत स्काऊट्स आणि गाईड्स उभी राहिली.

आजही रचना तीच आहे. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्यांचा संघनायक आणि असे काही संघ मिळून एक पथक. या रचनेत मोठ्या माणसाने प्रत्येक मुलाला हाताला धरून शिकवायचं नसतं. त्याने संघनायकांना शिकवायचं, संघनायकांनी आपापल्या संघाला. कागदावर हे आपल्या सगळ्यांना पाठ असतं. मैदानात मात्र चोवीस मुलांचा एकच संघ होतो आणि त्याचे नायक असतात गुरुजी!

या वर्षी मी ठरवलं की मेळाव्याआधी आपलं आपलं एक शिबिर घ्यायचं. परीक्षक नाही, क्रमांक नाही, प्रमाणपत्र नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर निघायचं आणि रविवारी दुपारी घरी यायचं.

शनिवार दुपार

आमची शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची, पुरंदर तालुक्यातली. सहावी-सातवीचे चोवीस स्काऊट, तीन संघ : मोर, गरुड आणि बिबट्या. सोबत मी, एक सहकारी शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे एक सदस्य. जागा गावापासून तीन किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याला देवीच्या देवळापुढचं पटांगण. तिथे पाण्याची सोय आहे, संडास आहे आणि वेळ पडली तर झोपायला पक्का सभामंडप आहे. शाळेकडे तंबू नाहीत, म्हणून तीन ताडपत्र्या, शेतकऱ्यांकडून मागून आणलेले बांबू आणि सुती दोरी एवढंच सामान घेतलं.

जाताना मागोवा खुणांचा खेळ होता. माझे सहकारी पुढे जाऊन दगडांचे बाण, 'इकडे जाऊ नका' म्हणून काड्यांची फुली अशा खुणा करून आले होते. मोर संघाचा एक बाण चुकला आणि पोरं शेताच्या बांधाने भलतीकडेच निघाली. मागून चालणारे समितीचे सदस्य ओरडणार, एवढ्यात मी त्यांना खुणेनेच थांबवलं. रस्ता उघडा होता, विहीर नव्हती, आम्ही दोघं मागे होतो. शंभरेक पावलं गेल्यावर संघनायकच थांबला. "खूण दिसत नाही, म्हणजे चुकलोय. मागच्या बाणापाशी चला." हे मी वर्गात तीनदा सांगितलं होतं. त्या दिवशी ते त्याला कळलं.

मुक्कामी पोचल्यावर तंबू लागले. 'लागले' हा शब्द जरा उदार आहे. खुंट्या बहुतेकांनी सरळ उभ्या ठोकल्या. खरं तर खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं, म्हणजे दोरीच्या ओढीने ती उपटून येत नाही. हेही शाळेत दाखवून झालं होतं. गरुड संघाला आठवलं, मोर आणि बिबट्याला नाही.

"सर, तुम्ही पण!"

बिबट्या संघात एक मुलगा आहे. त्याचे वडील वर्षातले काही महिने मेंढ्या घेऊन बाहेर असतात आणि सुट्टीत तोही जातो. काटक्या, वारा, तीन दगडांची चूल हे सगळं त्याच्या हातातलं. संध्याकाळी चुली पेटवायच्या होत्या. दोन संघ फुंकून फुंकून डोळे लाल करून बसले होते आणि बिबट्याची चूल एका काडीत पेटली. मी कौतुकाने बघायला गेलो. बघतो तर काय, चूल त्याने एकट्याने रचली होती, काटक्या त्यानेच निवडल्या होत्या आणि बाकीचे सात जण नुसते बसून होते. म्हणजे मागच्या वर्षी मेळाव्यात मी जे केलं, तेच इथे तो करत होता!

मी त्याला बाजूला घेतलं. "तुला येतं हे आम्हाला दिसलं. आता सकाळची चूल दुसरा कुणीतरी पेटवेल. तू हात मागे बांधायचे आणि फक्त तोंडाने सांगायचं."

त्याने लगेच हात मागे बांधले. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, तुम्ही पण!"

कारण त्याच वेळी मी बोलता बोलता मोर संघाच्या चुलीत एक काटकी सरकवत होतो. पोरं हसली. मीही हसलो आणि हात मागे घेतले. शिक्षक बंधू-भगिनींनो, त्यानंतरचे अठरा तास हात मागे ठेवणं ही माझ्या नोकरीतली सगळ्यांत अवघड कामगिरी होती, हे प्रांजळपणे सांगतो.

जेवण बिनभांड्यांचं होतं. निखाऱ्यात भाजलेली वांगी आणि रताळी, पळसाच्या पानात गुंडाळून भाजलेले कणकेचे पानगे. मोर संघाने घाई केली. ज्वाला विझून निखारे व्हायच्या आधीच पानगे टाकले, त्यामुळे ते बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे. भरीत मात्र तिन्ही संघांचं झकास झालं. मोर संघातला एक जण म्हणाला, "आई रोज हे कसं करते?" आम्ही मूल्यशिक्षणाच्या तासाला हा प्रश्न पोरांच्या तोंडून काढायला किती धडपडतो!

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. गरुड संघातल्या एकाच्या बोटाला निखाऱ्याचा चटका बसला. तेव्हा मी हात मागे ठेवले नाहीत. लगेच त्याला पाण्यापाशी नेलं. कुणीतरी टूथपेस्ट आणायला पळत होता, त्याला थांबवलं आणि वीस मिनिटं बोटावर गार पाणी सोडत राहिलो. भाजल्यावर टूथपेस्ट, हळद, तेल काही लावायचं नाही, साधं गार वाहतं पाणी. फोड आला नाही, पण पोरांना प्रथमोपचाराचा धडा मिळाला.

रात्री तीन वाजता

शेकोटीला नकला झाल्या, एक भारूड झालं. नंतर आकाशदर्शन. डिसेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी दिसत नाहीत, म्हणून शर्मिष्ठेच्या त्या वाकड्यातिकड्या 'एम'सारख्या आकृतीवरून ध्रुव शोधला. आपल्याकडे ध्रुव फार वर नसतो, क्षितिजापासून साधारण अठरा अंश. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली, तर दोन मुठींच्या आसपास.

झोपायच्या आधी माझ्या मनात एक गोष्ट घोळत होती. सुती दोरी दवाने भिजली की आखडते. म्हणून जुने स्काऊट संध्याकाळी दोऱ्या थोड्या ढिल्या करून ठेवतात. नाहीतर रात्री ताण वाढतो आणि कच्च्या खुंट्या उपटतात. सांगू की नको? शाळेत सांगून झालं होतं. मी गप्प बसलो. ताडपत्रीचा तंबू, वजन काही नाही. बांबू हलके होते आणि मी स्वतः हलवून बघितले होते. सभामंडप वीस पावलांवर होता. पडला तर कुणाला लागणार नव्हतं.

तीनच्या सुमाराला मोर संघाचा तंबू बसला. आतून आरडाओरडा, मग हसणं, मग भांडण. "तू खुंटी सरळ ठोकलीस." "तू दोरी ढिली केली नाहीस." मी बॅटरी घेऊन बाहेर आलो. संघनायक म्हणाला, "सर, आम्ही लावतो." मी म्हटलं, "लावा." अर्धा तास लागला. या वेळी खुंट्या तिरक्या गेल्या आणि ओली दोरी हाताने चाचपून बघून मग बांधली गेली. कुणी कुणाला शिकवलं नाही, सगळ्यांना आठवलं. काम चालू असताना एक जण ईशान्येकडे बोट दाखवून ओरडला, "सर, सप्तर्षी आले की!" खरंच आले होते. अंथरुणातून उठल्याशिवाय ते कुणाला दिसले नसते.

रविवारी सकाळी दोन पोत्यांचे कोपरे कापून, त्यात बांबू घालून स्ट्रेचर केलं. त्यावर कुणाला झोपवायच्या आधी मी प्रत्येक पोतं ओढून बघितलं आणि मग जमिनीपासून फक्त वीतभर उचलायला लावलं. निघताना शेकोटीच्या राखेवर पाणी ओतलं, राख कालवली, हात लावून बघितला. गवत वाळलेलं होतं आणि डोंगराला वणवा लागायला एक ठिणगी पुरते. दुपारी एकला सगळे घरी.

एका वडिलांचा प्रश्न

सोमवारी मोर संघातला एक मुलगा शाळेत आला नाही. त्याला ताप होता. मंगळवारी त्याचे वडील आले. आवाज चढलेला नव्हता, पण प्रश्न सरळ होता. "गुरुजी, पोरगं सांगतं की रात्री तीनला थंडीत ते तंबू बांधत होते आणि तुम्ही हात मागे बांधून बघत उभे होतात. हे खरं आहे का?"

मी म्हटलं, "खरं आहे."

त्या क्षणी मला पद्धत, तत्त्व, बेडन पॉवेल असं बरंच काही सांगावंसं वाटलं. पण समोर एक बाप उभा होता, ज्याच्या पोराला ताप होता. मी त्यांना बसायला सांगितलं आणि रात्रीचा सगळा प्रकार क्रमाने सांगितला. सांगता सांगताच माझी चूक माझ्या लक्षात आली. तंबू पडल्यावर पोरं नुसत्या शर्टावर बाहेर आली होती आणि अर्धा तास दवात उभी होती. स्वेटर, कानटोप्या आत ताडपत्रीखाली राहिल्या होत्या. मी सगळ्यात आधी म्हणायला हवं होतं, "अंगात गरम कपडे घाला, मग काय ते बांधा." तंबूची जबाबदारी पोरांची होती, पण थंडीची माझी होती. मी दोन्ही त्यांच्यावर टाकून मोकळा झालो होतो. ताप त्यानेच आला का, ते सांगता येणार नाही. पण माझं चुकलं, हे मी त्यांना सांगितलं.

दुसरी चूक शिबिराच्या आधीची. संमतिपत्रावर मी तारीख, ठिकाण, सोबत आणायचं सामान सगळं लिहिलं होतं. पण 'मुलं चुका करतील आणि आम्ही लगेच मदतीला धावणार नाही' हे लिहिलं नव्हतं. पालकांनी मुलं माझ्यावर विश्वासून पाठवली. मी काय करणार आहे, हे त्यांना आधी कळायलाच हवं होतं.

जाताना ते म्हणाले, "पुढच्या वर्षीचं बघू." हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मुलगा बुधवारी शाळेत आला.

मग हात कुठे पुढे आणि कुठे मागे?

या सगळ्यातून माझं मत पक्कं झालं आहे. हात मागे बांधणं म्हणजे अंग काढून घेणं नव्हे. मोठ्यांनी आपलं काम आधी पूर्ण केलेलं असेल, तरच मागे उभं राहायचा अधिकार मिळतो. पुढच्या शिबिरासाठी मी दोन याद्या केल्या आहेत. आपल्यालाही उपयोग होईल.

हे आपलं, इथे तडजोड नाही :
- जागा आधी जाऊन बघणे. विहीर, कडा, विजेच्या तारा, मधमाश्यांचं पोळं.
- पिण्याचं पाणी, संडास, आसऱ्याला पक्की जागा, रात्रभर हाताशी एक गाडी आणि १०८ नंबर सगळ्यांना पाठ.
- आग. भोवतालचं गवत साफ, दोन बादल्या पाणी भरून, शेवटी राख गार.
- थंडी, ताप, रक्त, भाजणं, साप-विंचू. इथे एक क्षणही वाट बघायची नाही.
- ज्यावर मुलाचं वजन पडणार आहे ती प्रत्येक गाठ स्वतः तपासणे.
- रात्रीचा पहारा मोठ्यांनी वाटून घेणे.
- एखाद्या मुलाला कुणी एकटं पाडत असेल, चिडवत असेल, तर मधे पडणे. संघनायक म्हणजे दादागिरीचा परवाना नव्हे.

हे मुलांचं, इथे आपण गप्प :
- जळलेला पानगा, सांडलेलं मीठ, धूर.
- कललेला आणि पडलेलाही तंबू, लागणार नसेल तर.
- चुकलेला बाण, मागे माणूस असेल तर.
- कामं वाटण्यावरून झालेलं भांडण, हातघाईवर येत नाही तोवर.
- विसरलेलं ताट. एकाच्या ताटात दोघांनी जेवावं.

एक कसोटी मला सोपी वाटते. चुकीने मूल ओशाळणार असेल, उपाशी राहून दुसऱ्याचं मागून खाणार असेल, तर हात मागे. चुकीने मुलाला इजा होणार असेल, तर हात पुढे, ताबडतोब.

पालकांना थोडं

आपल्याकडून मला तीनच गोष्टी हव्यात. शिबिराच्या ठिकाणी रात्री डबा घेऊन येऊ नका. प्रेमापोटी येता, कळतं. पण एक डबा आला की तेवीस पोरांना आपला करपलेला पानगा नकोसा होतो. दुसरी, मुलगा घरी आल्यावर 'जेवलास का, झोपलास का' याच्या आधी 'काय चुकलं?' असं हसून विचारा. आणि तिसरी, घरात एखादी दोरी त्याच्या हातात द्या. गवताचा भारा, कपड्यांची वाळवण, मोटारसायकलवरचं पोतं. रीफ नॉट म्हणजे 'उजवी डावीवर, डावी उजवीवर'. हे त्याला बांधू द्या आणि सुटलं तर पुन्हा बांधू द्या.

मुलींच्या पालकांना जरा जास्तच विनवणी. आमच्या गाईड्सचं शिबिर या वर्षीही एकाच दिवसाचं झालं. बाई सोबत होत्या, तरी रात्रीच्या मुक्कामाला संमती आली नाही. काळजी मी समजू शकतो, मलाही मुलगी आहे. पण विचार करा, चूल पेटवणं आपल्या बहुतेक मुलींना शिबिरात शिकायची गरजच पडत नाही, ते आपण घरीच शिकवून टाकलंय. जे त्यांना घरी मिळत नाही ते म्हणजे बांबू उचलणं, रात्री आकाश बघणं, चुकणं आणि 'आमचं आम्ही लावतो' असं म्हणणं. सोय पक्की असेल, सोबतीला शिक्षिका असतील, जागा आपण स्वतः बघून आला असाल, तर पुढच्या वर्षी एका रात्रीचा विचार करा. पाहिजे तर दोन आया सोबत या. फक्त हात मागे बांधून!

निकाल काय?

शिबिरानंतर तीन आठवड्यांनी, कुणालाही आधी न सांगता, मी चोवीस जणांना शीट बेंड बांधायला लावली. पंधरा जणांना आली, नऊ जणांना नाही. मागच्या वर्षी पहिला क्रमांक मिळवून आठांपैकी शून्य होतं. या नऊ जणांना आता मी शिकवणार नाही, ते पंधरा शिकवतील. त्यांना एकच अट आहे, शिकवताना दोरीला हात लावायचा नाही.

येत्या २६ जानेवारीला ध्वज कोण बांधणार, हे संघनायकांच्या सभेने ठरवायचं आहे. आदल्या दिवशी सराव होईल आणि गाठ मी तपासून घेईन, कारण ध्वजाच्या बाबतीत चूक चालत नाही. पण सकाळी मी खांबापासून दहा पावलं लांब उभा असेन. त्या वडिलांनाही बोलावलं आहे. येतो म्हणालेत.

आपल्या शाळेत शिबिर होणार असेल, तर निघायच्या आधी आपल्याही दोन याद्या जरूर करा. आणि मूल गाठीशी झगडत असताना आपला हात पुढे निघाला, तर आमच्या त्या बिबट्या संघातल्या पोराला आठवा.

"सर, तुम्ही पण!"